जुन्या मोटारीतील एअरबॅग व प्रवासी-आसनाचा सेन्सर : सुरक्षिततेच्या उत्तरदायित्वाचा इतिहास (१९५२ ते २०२४)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने शोधाच्या क्षणाकडे असते. एखादे यंत्र कोणी शोधले, त्याचे स्वामित्व कोणास मिळाले, ते बाजारात केव्हा आले, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की इतिहास पूर्ण झाला असे मानण्याची प्रथा आहे. परंतु यंत्र बाजारात आल्यानंतरही त्याचे आयुष्य सुरू राहते. ते वापरले जाते, झिजते, दुरुस्त होते, विकले जाते आणि अनेकदा ज्याला त्याच्याविषयी काहीच माहीत नाही अशा माणसाच्या हाती जाऊन पोहोचते. यंत्राच्या या उत्तरायुष्याचा इतिहास फारसा लिहिला गेलेला नाही.

मोटारीतील एअरबॅग आणि चालकाशेजारील आसनाखाली बसविलेला सेन्सर ही या दृष्टीने अत्यंत बोलकी उदाहरणे आहेत. मोटारीचे इंजिन बिघडले तर ते लगेच कळते. ब्रेक कमी लागू लागला तर पायाला जाणवते. एअरबॅग मात्र वर्षानुवर्षे निष्क्रिय पडून असते आणि आयुष्यात एकदाच, तेही सेकंदाच्या काही शतांश भागासाठी, तिची परीक्षा होते. त्या क्षणापूर्वी ती चांगली आहे की नाही हे पाहण्याचे साधन सामान्य मालकाजवळ नसते. जुनी मोटार विकत घेणारा मनुष्य सुरक्षिततेचे एक आश्वासनच विकत घेत असतो. ते आश्वासन अद्याप जिवंत आहे किंवा कसे, हे त्यास ठाऊक नसते. या आश्वासनाचे उत्तरदायित्व नेमके कोणाचे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) एअरबॅगच्या कल्पनेपासून तिच्या सक्तीपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेणे.
२) प्रवासी-आसनाचा सेन्सर कोणत्या परिस्थितीत अस्तित्वात आला हे स्पष्ट करणे.
३) वापरलेल्या मोटारींत ही साधने का व कशी निकामी होतात याचे विवेचन करणे.
४) दुसऱ्या मालकाबाबत कायद्याने घेतलेल्या भूमिकेची चिकित्सा करणे.

अभ्यासाचे मुख्य क्षेत्र अमेरिका हे आहे. कारण या साधनांविषयीचे कायदे, न्यायालयीन निर्णय व दोषनिवारणाच्या जाहीर नोंदी तेथे विपुल प्रमाणात उपलब्ध आहेत. भारतीय परिस्थितीचा विचार शेवटी तुलनेपुरता केला आहे. विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

कल्पनेचा उगम

एअरबॅगच्या शोधाचे श्रेय सामान्यतः दोघांना दिले जाते. जर्मनीतील वॉल्टर लिंडरर यांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये आणि अमेरिकेतील जॉन हेट्रिक यांनी ऑगस्ट १९५२ मध्ये स्वामित्वासाठी अर्ज केले. दोघांनाही १९५३ मध्ये स्वामित्व मिळाले. यांपैकी हेट्रिक यांची हकिकत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९५२ च्या वसंत ऋतूत ते पत्नी व सात वर्षांच्या मुलीसह पेनसिल्व्हेनिया राज्यात मोटारीने जात असता रस्त्यावरील अडथळा टाळण्यासाठी त्यांना मोटार एकदम वळवावी लागली व ती खड्ड्यात गेली. मुलगी दोघांच्या मध्ये पुढच्या आसनावर बसली होती. तिला वाचविण्यासाठी आई-वडील दोघांनीही नकळत हात आडवे धरले. आई-वडिलांच्या त्या हातांचे काम एखादी वस्तू करू शकेल काय, या विचारातून हेट्रिक यांची कल्पना जन्मास आली. पुढच्या आसनावर बसलेले लहान मूल हे या शोधाचे मूळ निमित्त होते, ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पुढील इतिहासात हेच मूल पुन्हा भेटणार आहे.

हेट्रिक यांच्या रचनेत दाबाखालील हवेचा उपयोग होता. ही हवा पिशवीत पुरेशा वेगाने शिरत नाही, असे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. टक्कर झाल्यापासून प्रवासी पुढे आदळेपर्यंत जो अवधी मिळतो तो डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कमी असतो. त्यासाठी दोन शोधांची आवश्यकता होती : टक्कर ओळखणारा सेन्सर आणि क्षणार्धात वायू निर्माण करणारे रसायन. पहिल्या बाबतीत अमेरिकन अभियंता ॲलन ब्रीड यांचे १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील कार्य निर्णायक ठरले. एका नळीत चुंबकाने धरून ठेवलेली लहानशी गोळी टक्करीच्या धक्क्याने सुटते, पुढे सरकते व विद्युत्मंडल जोडते, असे त्याचे सोपे स्वरूप होते. दुसऱ्या बाबतीत सोडियम अझाइड हे रसायन उपयोगी पडले. ते पेटविले असता त्यातून नायट्रोजन वायू बाहेर पडतो. अशा रीतीने १९७० च्या सुमारास एअरबॅग तांत्रिकदृष्ट्या शक्य झाली.

कायदा, उद्योग आणि न्यायालय

राल्फ नेडर यांच्या १९६५ मधील ग्रंथाने अमेरिकन मोटार उद्योगाच्या बेपर्वाईकडे लोकांचे लक्ष वेधले आणि ९ सप्टेंबर १९६६ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राष्ट्रीय वाहन सुरक्षा कायद्यावर स्वाक्षरी केली. अपघाताचा दोष केवळ चालकाचा नसून वाहनाच्या रचनेचाही असू शकतो, हे तत्त्व या कायद्याने मान्य केले. पुढे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासन या यंत्रणेने प्रवाशाने स्वतः काहीही न करता त्याचे रक्षण करणाऱ्या साधनांचा आग्रह धरला. जनरल मोटर्सने १९७३ पासून काही मोटारींत एअरबॅग उपलब्ध करून दिली. परंतु १९७६ पर्यंत अशा जेमतेम १० हजार मोटारी विकल्या गेल्या व हा प्रयोग थांबला.

त्यानंतरचे दशक धोरणाच्या चढउताराचे होते. १९७७ मध्ये सक्तीचा निर्णय झाला, १९८१ मध्ये रेगन प्रशासनाने तो रद्द केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. स्टेट फार्म या विमा कंपनीच्या बाजूने जून १९८३ मध्ये निर्णय देताना न्यायालयाने ही रद्दबातल कृती मनमानी ठरविली. केवळ एअरबॅग सक्तीची करण्याच्या पर्यायाचा विचारच प्रशासनाने केला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढे १९८४ मध्ये परिवहन मंत्री एलिझाबेथ डोल यांनी टप्प्याटप्प्याने अंमलबजावणीचा नियम काढला आणि १९९१ च्या कायद्याने १९९८ च्या वर्षमानाच्या सर्व मोटारींत चालक व शेजारील प्रवासी या दोघांसाठी एअरबॅग अनिवार्य केली.

या संपूर्ण वादात एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरली होती : चर्चा केवळ नव्या मोटारीची होती. मोटार कारखान्यातून बाहेर पडताना तीत काय असावे, याचा निर्णय झाला. दहा-पंधरा वर्षांनी तिसऱ्या मालकाच्या दारात उभी असताना तीत काय शिल्लक असावे, हा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही.

बालमृत्यू आणि सेन्सरचा जन्म

एअरबॅगचे मानक ठरविताना डोळ्यांपुढे असलेला प्रवासी मध्यम बांध्याचा, सीटबेल्ट न लावलेला प्रौढ पुरुष होता. यामागे वस्तुस्थिती होती. १९८३ च्या सुमारास अमेरिकेत सीटबेल्ट लावणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. ताशी ४८ किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणाऱ्या मोटारीतील अशा मोकळ्या देहास थोपवायचे, तर पिशवी अत्यंत वेगाने व मोठ्या शक्तीने उघडणे भाग होते. हाच वेग त्या पिशवीच्या अगदी जवळ असलेल्या लहान देहासाठी प्राणघातक होता. अयोग्य स्थितीत बसलेल्या मुलास असलेला हा धोका १९७० च्या दशकात प्राण्यांवर झालेल्या प्रयोगांतूनच लक्षात आला होता. तरीही मानक ठरविताना त्याला मध्यवर्ती स्थान मिळाले नाही.

१९९३ पासून प्रवासी बाजूच्या एअरबॅगमुळे बालकांचे मृत्यू नोंदविले जाऊ लागले. त्यांपैकी अनेक अपघात किरकोळ स्वरूपाचे होते. मोटारीचे नुकसान अल्प होते, मात्र मूल दगावले होते. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या नोंदीनुसार १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या टकरींमध्ये समोरील एअरबॅगमुळे २९० हून अधिक मृत्यू झाले. मृतांपैकी ८० टक्क्यांहून अधिक व्यक्तींनी सीटबेल्ट लावलेला नव्हता किंवा तो योग्य रीतीने लावलेला नव्हता. तसेच यांपैकी जवळजवळ ९० टक्के मृत्यू १९९८ पूर्वी तयार झालेल्या मोटारींत घडले. मुलीला वाचविण्यासाठी सुचलेली कल्पना मुलांच्याच जिवावर उठली, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद घटना होय.

यावर शासनाने क्रमाक्रमाने उपाय योजले. १९९६ च्या अखेरीस ठळक इशारापट्ट्यांचा नियम आला. १९९७ मध्ये एअरबॅगची शक्ती कमी करण्यास मुभा मिळाली. जानेवारी १९९८ पासून विशिष्ट गरज असलेल्या मालकांना एअरबॅग बंद करण्याची कळ बसवून घेता येऊ लागली. अखेरीस मे २००० मध्ये ‘प्रगत एअरबॅग’ विषयक नियम जाहीर झाला व सप्टेंबर २००३ पासून तीन वर्षांत तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. एक वर्षाचे, तीन वर्षांचे व सहा वर्षांचे मूल यांच्यासाठी एअरबॅग एकतर बंद राहावी किंवा निर्धोकपणे उघडावी; तथापि, लहान चणीच्या प्रौढ स्त्रीसाठी मात्र ती चालू असावी, असे या नियमाचे सार होते. ती बंद असल्यास तसे सांगणारा दिवा प्रवाशास दिसला पाहिजे, अशीही अट होती.

चालकाशेजारील आसनाखाली सेन्सर आला तो या नियमाच्या पूर्ततेसाठी. म्हणून सेन्सरकडे चैनीचे उपकरण म्हणून न पाहता आधीच्या पिढीतील बालमृत्यूंना दिलेले तांत्रिक उत्तर म्हणून पाहणे अधिक योग्य ठरेल.

सेन्सरची कार्यपद्धती आणि जरा

या सेन्सरचे अनेक प्रकार आहेत. काही मोटारींत आसनाच्या गादीखाली सिलिकॉन द्रवाने भरलेली पातळ पिशवी असते व तिच्यातील दाबावरून वजनाचा अंदाज घेतला जातो. काहींमध्ये दाब ओळखणारी पातळ चटई असते. काहींमध्ये आसन ज्या पायांवर उभे असते त्या पायांतच ताण मोजणारी साधने बसविलेली असतात. कोणताही प्रकार असला तरी सेन्सरपुढील काम नाजूक आहे. मानकातील सहा वर्षांच्या मुलाच्या पुतळ्याचे वजन सुमारे २३ किलो, तर लहान चणीच्या स्त्रीच्या पुतळ्याचे सुमारे ४९ किलो असते. या दोहोंमधील अंतर सेन्सरला गादी, आच्छादन, सीटबेल्टचा ताण आणि बसण्याची ढब या सर्वांतून वाट काढत ओळखावे लागते.

नव्या मोटारीत हे काम काटेकोरपणे होते; कारण कारखान्यात त्या विशिष्ट आसनासह सेन्सरचे शून्यमापन केलेले असते. मोटार जुनी होऊ लागली की हे संतुलन ढळू लागते. गादीचा फोम बसतो किंवा कडक होतो. आसनावर बाहेरून घट्ट आच्छादन चढविले जाते. चहा-पाणी सांडून ओलावा आत जातो. आसन मागे-पुढे सरकविल्याने त्याखालील तारा व जोडण्या सैल होतात. आसनाखाली कोंबलेले सामान गादीला खालून रेटते. अपघातानंतर दुसऱ्या मोटारीचे आसन आणून बसविले जाते, पण शून्यमापन पुन्हा केले जात नाही. पुरात बुडालेल्या मोटारीतील जोडण्यांना आतून गंज चढतो. यांपैकी बहुतेक गोष्टी मोटार विकत घेताना डोळ्यांना दिसत नाहीत.

सेन्सरचा बिघड दोन दिशांनी होऊ शकतो. पहिल्या प्रकारात प्रौढ व्यक्ती बसलेली असूनही आसन रिकामे आहे असे समजून एअरबॅग बंद ठेवली जाते. दुसऱ्या प्रकारात मूल बसलेले असूनही एअरबॅग चालू राहते. पहिल्या प्रकारात रक्षण हरवते; दुसऱ्या प्रकारात रक्षकच मारक होतो.

उत्पादकांनी जाहीरपणे मान्य केलेल्या दोषांत ही दोन्ही रूपे आढळतात. २००८ मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेतील सुमारे २ लाख मोटारी परत मागविल्या. आसनातील चटईला वापराने सूक्ष्म तडे जाऊन प्रवाशाची एअरबॅग निष्क्रिय होण्याचा संभव होता. २०१४ मध्ये निसानने सुमारे ९ लाख ९० हजार मोटारी सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत मागविल्या. प्रौढ प्रवासी बसलेला असूनही आसन रिकामे मानले जात होते. दोनच वर्षांनी, २०१६ मध्ये, याच स्वरूपाच्या कारणासाठी कंपनीला ३० लाखांहून अधिक मोटारी परत मागवाव्या लागल्या. डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाने सेन्सरमधील विद्युत्दोषामुळे जगभरातील सुमारे ११ लाख मोटारींसाठी अशीच घोषणा केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये होंडाने अमेरिकेत सुमारे ७ लाख ५० हजार मोटारी परत मागविल्या. वजन मोजणाऱ्या सेन्सरमधील कपॅसिटरला तडा जाऊन मुलासाठी एअरबॅग बंद न होण्याचा धोका होता. नैसर्गिक आपत्तीमुळे एका दुय्यम पुरवठादाराच्या कारखान्यावर परिणाम झाला व त्यामुळे सर्किटच्या पट्टीचे साहित्य तात्पुरते बदलले गेले, हे त्यामागील कारण सांगितले गेले. कोठेतरी दूर घडलेल्या आपत्तीचा परिणाम वर्षांनंतर एखाद्या अनोळखी मुलाच्या आसनापर्यंत पोहोचू शकतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

वय हेच दोषाचे कारण : टाकाटा प्रकरण

सेन्सर निर्णय देतो. पिशवी प्रत्यक्ष उघडते ती वायुजनकामुळे. जपानमधील टाकाटा या कंपनीने आपल्या वायुजनकांत अमोनियम नायट्रेटचा वापर केला. हे रसायन ओलावा शोषते. उष्ण व दमट हवामानात दिवस-रात्रीच्या तापमानातील चढउतार वर्षानुवर्षे सोसल्यावर त्याची घडण बदलते, ते आवश्यकतेपेक्षा अधिक वेगाने जळते आणि धातूचे आवरण फुटून त्याचे तुकडे प्रवाशाच्या अंगात घुसतात.

होंडाने २००८ मध्ये पहिल्यांदा मर्यादित संख्येने मोटारी परत मागविल्या. त्यानंतर ही व्याप्ती वाढत जाऊन केवळ अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख वायुजनक या कारवाईखाली आले. कंपनीने २०१७ च्या आरंभी फसवणुकीचा गुन्हा मान्य केला, एकूण १०० कोटी डॉलरची आर्थिक जबाबदारी स्वीकारली आणि त्याच वर्षी जूनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

या प्रकरणाचे वेगळेपण असे की, दोष मोटारीच्या वयाबरोबर वाढत होता. नवी असताना निर्धोक भासणारी मोटार जुनी झाल्यावर घातक ठरत होती. जून २०१६ मध्ये सुरक्षा प्रशासनाने २००१ ते २००३ या वर्षमानांच्या काही होंडा व अक्युरा मोटारींविषयी इशारा दिला. त्यांतील विशिष्ट वायुजनक चाचणीत फुटण्याचे प्रमाण ५० टक्क्यांपर्यंत गेले होते. त्या गटातील सुमारे ३ लाख १३ हजार मोटारी तोवर दुरुस्त झालेल्या नव्हत्या. कंपनीची पत्रे बहुधा नोंदीतील मालकाच्या पत्त्यावर जातात. मोटार मात्र दोन-तीन हातांतून पुढे गेलेली असते. सर्वांत धोकादायक मोटार सर्वांत जुनी, सर्वांत जुनी मोटार सर्वांत स्वस्त आणि सर्वांत स्वस्त मोटार घेणारा सर्वांत कमी माहिती असलेला, अशी ही साखळी आहे. या अर्थाने एअरबॅगच्या दोषाचे वाटप सामाजिक विषमतेच्या रेषेवरून होते.

या समस्येत दुरुस्तीच्या बाजाराने आणखी भर घातली. अपघातात उघडलेली एअरबॅग बदलणे महाग असते. म्हणून भंगारातील पिशवी बसविणे, बनावट पिशवी बसविणे, आत काहीही न ठेवता वरचे झाकण लावणे, किंवा दोषाचा दिवा लागू नये म्हणून मंडलात रोधक जोडणे असे प्रकार घडतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकन प्रशासनाने बनावट एअरबॅगविषयी जाहीर इशारा दिला. जुलै २०२४ मध्ये त्यास पुन्हा असाच इशारा द्यावा लागला. स्वस्त आयात वायुजनक बसविलेल्या मोटारींत आधीच्या नऊ महिन्यांत ३ मृत्यू व २ गंभीर जखमांच्या घटना घडल्या होत्या.

दुसरा मालक आणि कायद्याचे मौन

या परिस्थितीत कायद्याने कोणती भूमिका घेतली? १९७४ च्या दुरुस्तीने उत्पादकावर दोष विनामूल्य दूर करण्याचे बंधन घातले. परंतु त्याची मुदत आठ वर्षांची होती. २००० च्या कायद्याने ती दहा वर्षे व २०१५ च्या कायद्याने पंधरा वर्षे केली. मुदतीची ही वाढ म्हणजे यंत्राचे वय कायद्याने हळूहळू मान्य केल्याची खूण होय. १९७४ च्याच दुरुस्तीने विक्रेता वा दुरुस्ती करणाऱ्याने सुरक्षासाधन जाणूनबुजून निकामी करण्यास मनाई केली. मात्र ही मनाई खुद्द मालकास लागू नव्हती, आणि आधीच उघडलेली एअरबॅग बदललीच पाहिजे असे बंधनही संघीय कायद्यात नव्हते.

वापरलेल्या मोटारीच्या विक्रीचा इतिहास याहून उद्बोधक आहे. संघीय व्यापार आयोगाने १९८१ मध्ये असा नियम केला होता की, विक्रेत्यास ठाऊक असलेले मोठे दोष त्याने खरेदीदारास सांगितले पाहिजेत. १९८२ मध्ये अमेरिकन काँग्रेसने हा नियम फेटाळला. काँग्रेसचा तो अधिकार न्यायालयांनी पुढच्या वर्षी अवैध ठरविला; तरीही आयोगाने १९८४ मध्ये नियमाची फेररचना करताना ज्ञात दोष सांगण्याची अट वगळली. मे १९८५ पासून लागू झालेल्या नियमानुसार मोटारीच्या काचेवर हमी आहे की नाही हे सांगणारा कागद लावणे एवढेच बंधन उरले. त्या कागदावरील प्रमुख भागांच्या यादीत एअरबॅगचा समावेश होण्यास २०१६ साल उजाडावे लागले.

१९८३ हे वर्ष या दोन्ही प्रवाहांचा संगमबिंदू आहे. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने नव्या मोटारीतील प्रवाशाच्या बाजूने कौल दिला. त्याच सुमारास जुन्या मोटारीच्या खरेदीदाराचा सत्य ऐकण्याचा हक्क मात्र निसटला. ऑगस्ट २०१४ पासून वाहनक्रमांकावरून प्रलंबित दोष शोधण्याची विनामूल्य सोय झाली आणि २०१६ पासून मोठ्या भाडेकंपन्यांना दुरुस्ती न झालेली मोटार भाड्याने देण्यास मनाई झाली. नवी मोटारही अशा अवस्थेत विकता येत नाही. परंतु वापरलेल्या मोटारीच्या विक्रेत्यावर तसे संघीय बंधन घातले गेले नाही. म्हणजे तीच सदोष मोटार एका दिवसासाठी भाड्याने देणे बेकायदा, पण कायमची विकणे कायदेशीर, अशी विसंगती निर्माण झाली.

भारतीय संदर्भ

भारतात एअरबॅगची सक्ती अलीकडची आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४५ या मानकानुसार १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग व सीटबेल्टची आठवण देणारी यंत्रणा आवश्यक झाली. शेजारील प्रवाशासाठीची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून नव्या प्रतिमानांना व त्या वर्षाच्या अखेरीपासून जुन्या प्रतिमानांनाही सक्तीची झाली. याचा अर्थ असा की, सक्तीनंतरची पहिली पिढी आता वापरलेल्या मोटारींच्या बाजारात मोठ्या संख्येने येऊ लागली आहे. अमेरिकेने दोन दशकांपूर्वी ज्या टप्प्यावर हा प्रश्न अनुभवला त्या टप्प्यावर आपण पोहोचत आहोत.

दोषनिवारणासाठी मोटारी परत मागविण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०अ द्वारे आला व त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि, हे नियम सात वर्षांपर्यंतच्या वाहनांपुरते मर्यादित आहेत. टाकाटा प्रकरणाचा अनुभव लक्षात घेता ही मर्यादा चिंताजनक वाटते. जो दोष उष्णता व दमटपणा यांच्या दीर्घ माऱ्याने उद्भवतो, तो सात वर्षांनंतरच प्रकट होण्याची शक्यता अधिक. कोकण व गोव्याच्या किनारपट्टीचे हवामान विचारात घेतल्यास हा मुद्दा केवळ तात्त्विक राहत नाही.

आपल्याकडील आणखी एक प्रवृत्ती नोंदविणे आवश्यक आहे. इशारा देणाऱ्या यंत्रणेस गप्प करण्याकडे आपला कल असतो. सीटबेल्टचा गजर बंद करण्यासाठी खोट्या क्लिपा सर्रास विकल्या जात होत्या. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना त्या हटविण्याचा आदेश दिला. ज्या मोटारीत पहिल्या मालकाने गजर गप्प केला, ती मोटार दुसऱ्या मालकाकडे त्याच मौनासह जाते. एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या मोटारींच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंदणी करावी लागते. परंतु या तरतुदीचा रोख मालकीची साखळी व कागदपत्रे यांवर आहे. मोटारीतील सुरक्षासाधने जिवंत आहेत किंवा नाहीत, हे सांगण्याची जबाबदारी तीत स्पष्टपणे आलेली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) एअरबॅग हे निःसंशय उपकारक साधन आहे. अमेरिकन प्रशासनाच्या अंदाजानुसार १९८७ ते २०१७ या काळात समोरील एअरबॅगमुळे ५० हजारांहून अधिक जीव वाचले. म्हणून येथील चिकित्सेचा अर्थ साधनाला विरोध असा घेणे चुकीचे ठरेल.

२) या इतिहासात प्रत्येक उपायाने एक नवे, जीर्ण होणारे यंत्र जन्मास घातले. टकरीवर उपाय म्हणून एअरबॅग आली. एअरबॅगच्या धोक्यावर उपाय म्हणून सेन्सर आला. आता सेन्सरच्या बिघडावर उपाय शोधावा लागत आहे.

३) सुरक्षिततेचा कायदा दीर्घकाळ नव्या मोटारीचा कायदा राहिला. यंत्राचे वय व मालकीतील बदल यांची दखल त्याने उशिरा व अपुऱ्या प्रमाणात घेतली.

४) मोटार हस्तांतरित होते, पण तिच्याविषयीचे ज्ञान हस्तांतरित होत नाही. पहिल्या मालकाने केलेली दुरुस्ती, बदललेले आसन, गप्प केलेला दिवा यांची नोंद कोठेही पुढे जात नाही.

५) भारतात वापरलेल्या मोटारीच्या हस्तांतरणाच्या वेळी एअरबॅग, सेन्सर व प्रलंबित दोषनिवारण यांची लेखी माहिती देणे बंधनकारक करावे आणि सात वर्षांच्या मर्यादेचा फेरविचार व्हावा, असे या अभ्यासाअंती सुचवावेसे वाटते.

मोटार सुरू करताना फलकावर काही क्षण लागणारा व विझणारा एअरबॅगचा दिवा आपण सहसा पाहत नाही. वापरलेली मोटार घेताना तो लागतो की नाही आणि लागल्यावर विझतो की नाही, दोन्ही पाहिले पाहिजे. तो लागलाच नाही तर दोष नाही असा अर्थ होत नाही. कोणीतरी तो दिवाच काढून टाकलेला असू शकतो. हेट्रिक दांपत्याने १९५२ मध्ये मुलीसमोर आडवे धरलेले हात त्यांचे स्वतःचे होते आणि ते जागेवर आहेत याची त्यांना खात्री होती. आपण ते काम यंत्रावर सोपविले. ते यंत्र आज जागेवर आहे काय, हे पाहण्याचे उत्तरदायित्व मात्र कोणावर तरी निश्चित केले गेलेच पाहिजे.